सोबत

पावसाळ्यात इस्लापूरहून सहस्रकुंडाकडे निघालं की धबधबा दिसायच्या आधी ऐकू येतो. पैनगंगा काळ्या कातळावरून अशी कोसळते की शेजारच्या माणसाशीही ओरडून बोलावं लागतं. उन्हाळ्यात तिथंच नुसता तापलेला दगड. इस्लापूर गाव किनवट तालुक्यातलं, जिल्हा नांदेड, पण तेलंगण जवळ. त्यामुळे बाजारात मराठीसोबत तेलुगू, गोंडी आणि बंजारा तांड्यांवरची गोरमाटी कानावर पडते. गाव खरं, नदी खरी. पुढे येणारी मंडळी आणि तिचा पाळक मात्र माझ्या गोष्टीतले आहेत.

तर या गावात ख्रिस्ती मंडळी होती, पंधरा-वीस घरांची. पत्र्याच्या खोलीत रविवारची उपासना व्हायची, नाताळात गरिबांना ब्लँकेटं वाटली जायची. नवा तरुण पाळक आला तेव्हा त्याला वाटलं, आपण यापेक्षा जास्त केलं पाहिजे. मंडळीनं वर्षभर अर्पण साठवलं आणि आरोग्य शिबिर भरवलं. शहरातून डॉक्टर आले, मांडव पडला, रांग लागली. संध्याकाळी पाळकानं वहीतली नावं मोजली आणि त्याला समाधानाची झोप लागली.

महिन्यानं तो तांड्यावर गेला. एका म्हातारीच्या दारात तिचा नातू बसला होता, चार पावलं चाललं की धाप लागणारा. मुलगा-सून ऊसतोडीला गेलेले. शिबिरात डॉक्टरांनी पोराला तपासून नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात न्यायला सांगितलं होतं, तशी चिठ्ठीही दिली होती. म्हातारीनं ती आणून दाखवली. ज्वारीच्या डब्यात घडी घालून जपून ठेवलेली होती, जशी दिली तशीच.

"याडी, नेलं कामून नाही?" पाळकानं विचारलं. आवाज थोडा चढलाच होता.

"कोनासंगं नेऊ, साहेब? गाडीतून उतरले की मी आंधळी. अक्षर येत नाही. कोन्या खिडकीत उभं ऱ्हावं ठाव नाही. तिथली मानसं भराभरा बोलतात, मला अर्धं कळतं. पोरगं हातात, रातीला ऱ्हाऊ कुठं?" मग जरा थांबून म्हणाली, "तुमी शिबिर घेतलं, लई चांगलं केलं. पर मला काय लागतं ते कुनी इचारलंच नाही."

पाळक मान खाली घालून परतला. दुसऱ्या दिवशी तो एका निवृत्त पाळकाकडे गेला. सगळे त्यांना काका म्हणत. काकांनी ऐकून घेतलं आणि जामखेडची गोष्ट सांगितली. ही गोष्ट खरी आहे.

डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती जोडपं 1970 मध्ये जामखेडला गेलं, ते खेड्यातल्या गरिबांची सेवा करायचं ठरवूनच. जुन्या जनावरांच्या दवाखान्याच्या इमारतीत त्यांनी काम सुरू केलं. दोघेही वेल्लोरला शिकलेले, अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केलेले. औषधाचं शास्त्र त्यांच्या हातात होतं. पण दुष्काळ पडलेला, आणि लोक म्हणाले, आम्हाला आधी पाणी आणि अन्न हवं. आरोळ्यांनी ते मानलं. आधी पोरांना जेवण आणि विहिरी, मग बाकीचं. पुढे गावोगाव आरोग्यसेविका तयार करायच्या वेळी त्यांनी गावानं निवडलेल्या, बहुतेक निरक्षर, अनेक दलित घरांतल्या बायांना शिकवलं. बाळंतपण, जुलाब, कुपोषण यांवर त्या बायाच काम करू लागल्या. 1979 साली या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

"आपल्या शुभवर्तमानात बघ," काका म्हणाले. "यरीहोच्या रस्त्यावर आंधळा बार्तीमय ओरडत होता. त्याला काय हवं ते कुणालाही दिसत होतं. तरी प्रभूनं आधी त्यालाच विचारलं. तू विचारलंस का? आपल्याकडे जे आहे ते देणं सोपं असतं, बाळा. त्याला काय लागतं ते ऐकून घेणं, ही सेवेची पहिली पायरी."

पाळक वस्त्यांवर फिरू लागला. पहिल्या फेरीत जिकडे तिकडे एकच उत्तर मिळालं: ब्लँकेट. चर्च ब्लँकेटं देतं, मग दुसरं काय मागायचं! हे मला फार महत्त्वाचं वाटतं. देणाऱ्याच्या हातात काय आहे ते बघूनच गरीब माणूस मागतो, आणि आपण त्यालाच त्याची गरज समजतो. पाळक वही घरी ठेवून पुन्हा गेला, पुन्हा गेला. ओट्यावर बसला, चहा प्याला. चौथ्या-पाचव्या खेपेला लोक खरं बोलू लागले आणि घरोघर डब्यांतून, आढ्यातून, फोटोमागून चिठ्ठ्या निघू लागल्या.

त्यानं मंडळीच्या कमिटीपुढे सांगितलं, यंदा शिबिर नको, सोबत देऊ. आजाऱ्याबरोबर नांदेडला जायचं, विष्णुपुरीच्या शासकीय रुग्णालयात केस पेपर काढून द्यायचा, रेशन कार्ड-आधार घेऊन महात्मा फुले योजनेचे कागद भरायचे, रात्री उशाशी बसायचं. गाडीभाडं आणि डबा अर्पणातून.

"यात चर्चचं नाव कुठं दिसणार?" एकानं विचारलं.

"नाही दिसणार," पाळक म्हणाला.

दुसरी अडचण याहून अवघड होती. गावात कुजबुज सुरू झाली, आजाऱ्याला धरून धर्म बदलायला लावतील. पाळकानं राग धरला नाही. भीती खोटी असली तरी ती लोकांच्या मनात होती. त्यानं सरपंचांना आणि तांड्याच्या नायकाला बोलावून सांगितलं, आम्ही पत्रक देणार नाही, कुणी मागितल्याशिवाय प्रार्थनाही करणार नाही, आणि तुमच्यातलंही कुणी आमच्यासोबत चला. ते त्यानं अखेरपर्यंत पाळलं.

पहिली सोबत कुणाची, तर मंडळीतल्या एका विधवा बाईची. शाळेत खिचडी शिजवायची, उपासनेला शेवटच्या रांगेत बसायची. तिला कधी कुणी कमिटीत घेतलं नव्हतं. पण ती तांड्याशेजारी वाढलेली, गोरमाटी आणि तेलुगू दोन्ही बोलायची. सहस्रकुंड स्टेशनावरून ती म्हातारीला आणि नातवाला घेऊन निघाली. नांदेडला तीन दिवस राहिली. हृदयाची तपासणी झाली, इलाज सुरू झाला. नंतरच्या दोन फेऱ्यांनाही तीच गेली, आणि दर वेळी म्हातारीला खिडकी दाखवत गेली: इथं कागद, इथं रक्त, इथं औषध.

वर्ष सरलं. एका पहाटे पाळक स्टेशनवर पोचला. तांड्यावरच्या एका बाळंतिणीला न्यायचं होतं आणि त्या दिवशी सोबतीला दुसरं कुणी नव्हतं. फलाटावर ती बाळंतीण पोराला पदराखाली घेऊन बसली होती. शेजारी म्हातारी उभी होती, एका हातात डबा, दुसऱ्यात कागदांची पिशवी.

"तुमी कामून आलाव, साहेब?" ती म्हणाली. "जा, झोपा. म्या हाय ना संगं."