दळणाच्या वेळेतली निर्मिती

पोट भरलं, हातचं काम उरकलं की मग माणूस गातो, रचतो, रंगवतो, अशी आपली पक्की समजूत आहे. या हिशेबाने सह्याद्रीच्या डोंगरकपारीतल्या कुटुंबात कला जवळपास नसायलाच हवी होती. मुळशी-मावळात चार महिने कोसळता पाऊस, उतारावर नाचणी-वरईची तुकड्यातुकड्यांची शेती, खालच्या खाचरात भात, आणि बाईच्या वाट्याला पाणी, सरपण, लावणी, चूल, मुलं. यात फुरसत कुठली? तरीही मराठीतला गाण्यांचा एक प्रचंड साठा याच घरांतून हाती आला. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ हे अभ्यासक मुळशीच्या डोंगरात गरीब डोंगरी संघटनेबरोबर काम करत होते. त्यातूनच जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचं काम उभं राहिलं. पुढे ते महाराष्ट्रभर पसरलं, बर्नार्ड बेल यांनी ध्वनिमुद्रणाची बाजू सांभाळली, आणि संग्रह एक लाख ओव्यांच्या पुढे गेला. एवढी निर्मिती रिकाम्या वेळेतली नाही. ती ऐन कामाच्या वेळेतली आहे, आणि म्हणूनच ती समजून घ्यायची तर आधी ते काम समजून घ्यावं लागतं.

दळण उजाडायच्या आत उरकायचं असे. घरातले पुरुष झोपलेले, बाहेर अंधार, आणि एकाच खुंट्याला हात लावून समोरासमोर बसलेल्या दोघी: कधी जावा-जावा, कधी नणंद-भावजय, कधी सासू-सून. एकीने जात्यात दाण्यांची वैरण घालायची, दोघींनी ओढायचं. दगडाच्या फिरण्याला स्वतःची लय असते आणि ओवी त्या लयीवर बसते. एकीने ओळ टाकली की दुसरीने उचलायची. पण लयीपेक्षाही मोलाची गोष्ट आहे ती या वेळेला मिळालेली मोकळीक. दिवसभर जी सून सासरच्या माणसांपुढे तोंड उघडू शकत नव्हती, ती जात्यावर सीतेचा वनवास गाऊ शकत होती. सीतेचं दुःख गायला कोण हरकत घेणार? त्या आडोशाने ती आपलं सांगत होती, आणि समोर बसलेल्या सासूला ते कळतही होतं, कारण तीही कधीकाळी सूनच होती. भाऊ, आई, माहेरची वाट, पंढरीचा विठ्ठल हे सगळे विषय अशाच मोकळिकीत फुलले. माझ्या मते ओवीची खरी जन्मदात्री ही मोकळीक आहे. जातं हे तिचं निमित्त.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो: या ओव्या म्हणजे ठरीव साचे आहेत, आईकडून लेकीकडे आलेले, त्यात नवं काय? साचे आहेत हे खरंच. पण त्या साच्यात काय ओतलं जातं ते पाहायला हवं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवरच्या असंख्य ओव्या या संग्रहात आहेत. त्या काही पूर्वापार चालत आलेल्या नव्हत्या. विसाव्या शतकातल्या दलित बायांनी त्या जुन्याच चालीवर रचल्या. आपल्या आयुष्याला कलाटणी देणारी घटना ज्या साच्यात मावते, त्याला मृत कसं म्हणायचं? आणि अशा कामातून रचणारीही कवयित्रीच असते. खानदेशच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. घरातली, शेतातली कामं करता करता त्या रचत होत्या. मुलाने, सोपानदेवांनी, त्या कविता जपल्या, आणि 1952 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, पुस्तक निघालं म्हणून आपण त्यांना कवयित्री म्हणतो. टिपून ठेवणारं कुणी घरात नव्हतं, एवढ्याच कारणाने किती जणी नुसत्या ‘लोकगीत’ या शब्दात विरून गेल्या असतील.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. जातं म्हणजे कष्ट होते, खांदे-मनगटं भरून येत होती, झोप मोडत होती. त्या कष्टांना गाण्याची झालर लावून गौरवू नका. हे मला पूर्णपणे मान्य आहे. पिठाची गिरणी आली तेव्हा बायांनी सुटकेचा निःश्वास टाकला, आणि तो योग्यच होता. जातं परत यावं असं म्हणणं हा त्यांच्यावर अन्याय होईल. मात्र गिरणीने कष्टाबरोबर आणखी काहीतरी नेलं, याची नोंद कुणी घेतली नाही. दोन बाया रोज समोरासमोर बसतील, मनातलं बोलतील आणि बोलता बोलता रचतील, असा घरातला ठरलेला वेळ गेला. वाचलेला वेळ बाईच्या हाती राहिलाच असं नाही. डोंगरातल्या घरात तो बहुधा दुसऱ्या कामात गेला. नंतर आलेल्या दूरदर्शनने आणि मोबाइलने करमणूक दिली, पण तिथे ती ऐकणारी, पाहणारी झाली.

म्हणून लोककला महोत्सवांत जातं मांडून, नऊवारी नेसून ओव्या म्हणण्याचे कार्यक्रम मला अपुरे वाटतात. त्यांत गाणं दिसतं, पण त्यामागची मोकळीक दिसत नाही. राईरकर-प्वातवाँ यांच्या संग्रहाचं मोठेपण असं की तिथे ओवीबरोबर गाणारीचं नाव आणि गाव आहे. ‘पारी’च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर 2017 पासून त्या ओव्या तशाच, नावानिशी येत आहेत. शाळेच्या पाठ्यपुस्तकांनीही हीच रीत घ्यावी. आणि ज्यांच्या घरी जात्यावर बसलेली आजी अजून आहे, त्यांनी या सुट्टीत तिच्याजवळ बसावं, तिला घाई न करता गाऊ द्यावं, आणि वहीत ओवीखाली तिचं नाव लिहावं.