मे महिन्यात पाणी कोण घालणार?



मार्च महिना आला की आपल्या घराघरांतून एक धावपळ सुरू होते. शाळेने मुलांना प्रकल्प दिलेला असतो : 'चिमणीचे घरटे' किंवा 'पक्ष्यांसाठी पाणी'. आई दुकानातून चित्रांचा तक्ता आणते, वडील पुठ्ठ्याचे खोके कापतात, ताई सुवाच्य अक्षरात माहिती लिहून देते. मूल वही नेऊन देते आणि गुण मिळवते. एवढ्या खटाटोपात त्याने चिमणीकडे मात्र एकदाही निवांत पाहिलेले नसते.

हे प्रकल्प निरर्थक आहेत असे आम्हांला म्हणायचे नाही. नाशिकचे मोहम्मद दिलावर यांच्या नेचर फॉरएव्हर सोसायटीच्या पुढाकाराने २०१० पासून २० मार्च हा जागतिक चिमणी दिन म्हणून पाळला जातो. जुन्या कौलारू घरांच्या वळचणीला, भिंतीवरच्या फोटोमागे चिमण्यांना हक्काची जागा होती. सिमेंटच्या घरांत ती राहिली नाही. तेव्हा खोके टांगणे, पाणी ठेवणे हे आपले कामच आहे.

प्रश्न वेगळाच आहे. गुणांसाठी केलेले चांगले काम खरोखर चांगले म्हणावे का? मिस्सानंतर एका पालकांपाशी हा विषय काढला, तेव्हा ते म्हणाले, "फादर, चिमणीला पाणी मिळाल्याशी कारण. पोराच्या मनात काय आहे, याच्याशी तिला काय करायचंय?" त्यांचे म्हणणे सहज उडवून लावण्यासारखे नव्हते. तहानलेला पाखरू पाणी देणाऱ्याचा हेतू विचारीत नाही.

मग आम्हांला आमचीच चूक आठवली. एका वर्षी आम्ही मुलांकडून चर्चच्या आवारात पाण्याचे मातीचे परळ टांगून घेतले. फोटो काढले, प्रवचनात कौतुकही केले. एप्रिलमध्ये परीक्षा संपल्या, मुले मामाच्या गावाला गेली आणि आम्ही इतर कामांत गुंतलो. मे महिन्यातल्या एका दुपारी पाहतो तो परळ कोरडे ठणठणीत, तळाशी वाळलेले शेवाळ. एका परळाच्या काठावर बुलबुल बसला होता. त्याने आत चोच घातली, मान वर केली, पुन्हा घातली आणि उडून गेला. ज्या महिन्यात पाण्याची गरज सर्वांत जास्त, नेमक्या त्याच महिन्यात आम्ही सुट्टीवर होतो.

त्या पालकांना द्यायचे उत्तर आम्हांला तेथे सापडले. मार्चमध्ये दोन्ही परळ सारखेच दिसतात, गुणांसाठी भरलेला आणि मायेने भरलेला. त्यांतला फरक मे महिन्यात कळतो. हेतू मनात लपून राहत नाही, काळ त्याला उघडा पाडतो.

अ‍ॅरिस्टॉटलचे सांगणे असे की, सद्गुण ऐकून येत नाही, पुन्हा पुन्हा केल्याने अंगी मुरतो. संत थॉमस अक्वायनस यांनीही तोच विचार पुढे नेला. कोल्हापूरकरांना हे वेगळे समजवायला नको. कुस्तीचे पुस्तक वाचून कोणी पैलवान होत नाही, पहाटे उठून तालमीत घाम गाळावा लागतो. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनीही २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात सृष्टीच्या रक्षणासाठी रोजच्या लहान कृतींचे मोल सांगितले आहे.

नुसती माहिती किती अपुरी पडते, हे आपण पाहिले आहे. ९ डिसेंबर २०२० रोजी पुण्याच्या कोथरूड भागात एक गवा शिरला. बघ्यांची गर्दी लोटली, लोक त्याच्यामागे धावले. अखेर तो पकडला गेला, पण जगला नाही. त्या गर्दीतली माणसे दुष्ट होती असे आम्हांला वाटत नाही. गव्याचे चित्र त्यांतल्या कित्येकांनी शाळेच्या वहीत चिकटवलेही असेल. मुक्या जिवासमोर दूर, गप्प उभे राहण्याची सवय मात्र त्यांना कोणी लावली नव्हती. आपल्या जिल्ह्यातले दाजीपूरचे रान तर १९५८ पासून गव्यांसाठी अभयारण्य म्हणून राखलेले आहे. उद्या आपल्याच मुलांसमोर गवा उभा राहिला तर? बुलबुल पाण्यावर यावा म्हणून रोज दहा मिनिटे लांब, शांत बसलेले मूल त्या दिवशी दगड उचलणार नाही की मोबाईल घेऊन मागे धावणार नाही.

म्हणून पालकांना आमची विनंती आहे. वही मुलांनाच लिहू द्या, अक्षर वाकडे आले तरी चालेल. घरट्याचे खोके सावलीत आणि मांजराच्या आवाक्याबाहेर टांगा. परळ रोज घासून त्यात ताजे पाणी भरा, नाहीतर तेच पाणी पाखरांना रोग देईल. आणि गुण मिळाल्यावर प्रकल्प संपला असे मुलांना म्हणू नका.

चर्चच्या आवारातले परळ आम्ही पुन्हा टांगले आहेत. मे महिन्यासाठी आठवड्याला एक कुटुंब अशा पाळ्या लावायच्या आहेत. नावे रविवारच्या मिस्सानंतर द्यावीत. पहिल्या आठवड्याची पाळी आम्ही स्वतःकडे घेतली आहे. गेल्या खेपेचे देणे अजून फिटायचे आहे.

आपले धर्मगुरू