किरणाआधी निदान

चेहऱ्यावर येणारे दोन प्रकारचे डाग घेऊ. एक निळसर-करडा, जन्मापासूनचा किंवा वयात येताना उमटलेला, बहुधा चेहऱ्याच्या एकाच बाजूला, डोळ्याभोवती आणि गालाच्या वरच्या भागावर. कधी कधी डोळ्याच्या पांढऱ्या भागातही त्याची छटा उतरते. मासाओ ओटा या जपानी त्वचातज्ज्ञांनी 1939 साली त्याचे वर्णन केले, म्हणून त्याला ‘नेव्हस ऑफ ओटा’ म्हणतात. दुसरा डाग तपकिरी, दोन्ही गालांवर, कपाळावर, वरच्या ओठावर पसरणारा, अनेकींना गरोदरपणात किंवा तिशीच्या आसपास येणारा. त्याला आपण वांग म्हणतो. या दोन्ही डागांवर एकच यंत्र चालवले जाते: 1064 नॅनोमीटर तरंगलांबीचा क्यू-स्विच्ड एनडी-याग लेझर. ओटाचा डाग त्याने अनेक बैठकांनंतर बराचसा निघून जातो आणि सहसा परत येत नाही. वांगाचे डाग त्याच किरणाने काही काळ फिकट होतात, मग पुन्हा गडद होतात, कित्येकदा आधीपेक्षा जास्त. बैठका वाढवत नेल्या तर तपकिरी डागात कण्या सांडल्यासारखे पांढरे ठिपके उमटतात, आणि ते भरून यायला फार काळ लागतो.

यंत्र तेच, किरण तोच, चेहरेही आपल्यासारखेच सावळे-गव्हाळ. फरक आहे तो रोगात. ओटाच्या डागात रंगद्रव्याच्या पेशी त्वचेच्या खोल थरात, जिथे त्या असायला नकोत तिथे, अडकून राहिलेल्या असतात. किरणाने त्या फुटल्या की प्रश्न बऱ्याच अंशी मिटतो. वांगात पेशी आपल्या जागीच असतात, पण ऊन, संप्रेरके आणि उष्णता यांनी त्या चिथावल्या गेलेल्या असतात. लेझरची उष्णता हीसुद्धा त्यांच्यासाठी चिथावणीच ठरते. म्हणून ‘नाजूक त्वचेला लेझर चालतो का’ या प्रश्नाचे उत्तर, समोरच्या त्वचेला नेमके काय झाले आहे हे ठरेपर्यंत, कोणीही प्रामाणिकपणे देऊ शकत नाही. आजच्या बाजारात पहिली काटछाट नेमकी या ठरवण्यावरच होते, आणि माझा आक्षेप तिथेच आहे.

‘माझी स्किन फार सेन्सिटिव्ह आहे’ असे सांगणाऱ्यांत तीन निरनिराळ्या तक्रारींची माणसे असतात. काहींना साबण, वारा, साधे क्रीमही झोंबते, जळजळते, खाजते, आणि पाहणाऱ्याला मात्र त्वचा निरोगी दिसते. 2017 साली तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने संवेदनशील त्वचेची जी व्याख्या केली ती याच अनुभवावर बेतलेली आहे. अशा व्यक्तीला लेझर वर्ज्य नाही. तिला तो जास्त दुखेल, लाली थोडी जास्त टिकेल, आणि त्यानंतर लावायचे मलम जपून निवडावे लागेल.

दुसरी तक्रार आपल्याकडे सर्वांत मोठी. मुरूम गेला तरी डाग राहतो, डास चावला तरी काळी खूण राहते, वॅक्सिंगनंतर हात काळवंडतात. हा आजार नाही, तपकिरी त्वचेचा तो स्वभाव आहे. कुठलाही दाह झाला की ती जास्त रंगद्रव्य तयार करते. लेझरचा खरा पेच इथे सुरू होतो.

थिओडोर मेमन यांनी 1960 साली माणिकाच्या स्फटिकातून पहिला लेझर किरण काढला. त्यानंतर काही वर्षांतच तो त्वचेवर वापरून पाहिला गेला, पण तेव्हा तो आजूबाजूची त्वचाही जाळत असे. 1983 साली रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश यांनी ते टाळण्याचे सूत्र मांडले: नेमक्या लक्ष्याने शोषावी अशी तरंगलांबी निवडायची, आणि उष्णता बाहेर पसरण्याआधी संपेल इतक्या कमी वेळाचा झोत द्यायचा. लव काढताना हे लक्ष्य म्हणजे केसातले मेलॅनिन. नव्वदच्या दशकात 694 नॅनोमीटरच्या माणिक-लेझरने गोऱ्या त्वचेवरचे काळे केस उत्तम जाऊ लागले. गोऱ्या त्वचेत मेलॅनिन मुख्यतः केसातच असते. आपल्या त्वचेत ते केसातही असते आणि वरच्या थरातही, आणि किरणाला आधी वरचा थर लागतो. मुळापर्यंत पोचायची उष्णता तिथेच अडली तर फोड येतो, मग काळा किंवा पांढरा डाग.

त्यावर उपाय निघाले. तरंगलांबी वाढवत नेली की मेलॅनिन किरण कमी शोषते आणि किरण खोल जातो: माणिकानंतर 755 चा अलेक्झांड्राइट, मग 800 ते 810 चा डायोड, मग 1064 चा एनडी-याग. झोत लांबवला की वरच्या थराला मधल्या मिलिसेकंदांत निवायला अवसर मिळतो. शिवाय त्वचा गार ठेवणारा नीलमण्याचा थंड तुकडा किंवा फवारा असतो. हे सगळे जमवले तर सावळ्याच नव्हे, अगदी काळ्या त्वचेवरही लव सुरक्षितपणे कमी करता येते. वैद्यकशास्त्राने ही मजल खरोखर मारली आहे आणि तिचे श्रेय नाकारू नये.

पण त्याची किंमतही सांगायला हवी. मेलॅनिन किरण कमी शोषते म्हणजे केसालाही तो कमी लागतो. जाड, काळ्या केसांवर 1064 चे काम चांगले होते, बारीक लवेवर ते तोकडे पडते, आणि पांढऱ्या केसावर कुठलाच लेझर चालत नाही. आपल्या त्वचेला जो लेझर सर्वांत सुरक्षित, तो बारीक लवेसाठी सर्वांत कमी परिणामकारक आहे. जाहिरातीत मात्र ‘कायमची सुटका’ असते. अमेरिकेच्या औषध प्रशासनानेही उत्पादकांना केस कायमचे ‘कमी’ होतात एवढेच म्हणू दिले आहे.

यातली सर्वांत दुखरी बाजू पीसीओएस, म्हणजे संप्रेरकांच्या असमतोलाचा विकार, असलेल्या तरुण मुलींची. हनुवटीवर, जबड्याच्या कडेला, मानेवर आलेले केस घेऊन त्या लेझरकडे येतात. याच भागांत, सावळ्या त्वचेत, बारीक लवेवर अपुरी ऊर्जा पडली तर केस कमी होण्याऐवजी वाढू आणि जाड होऊ शकतात. हा उलटा परिणाम वैद्यकीय साहित्यात चांगलाच नोंदलेला आहे. तरी पॅकेज विकताना त्याबद्दल अवाक्षर निघत नाही, मासिक पाळीबद्दल विचारले जात नाही, संप्रेरकांची तपासणी सुचवली जात नाही. केस वाढवणारे कारण आत तसेच राहते, आणि मुलगी बैठकांमागून बैठकांचे पैसे भरत राहते. तिच्या लग्नाची घाई असेल तर आणखीच वाईट. ताज्या लेझरवर हळदीचा विधी आणि मांडवातले ऊन, असा बेत आखू देणारा माणूस तिचा हितचिंतक नव्हे.

तिसरी तक्रार माणसाने ओढवून घेतलेली, खरे तर त्याच्यावर लादली गेलेली. उजळण्यासाठी म्हणून शेजारणीने किंवा औषधाच्या दुकानदाराने दिलेली ट्यूब महिनोन् महिने चेहऱ्याला लावली जाते. तिच्यात बीटामेथॅसोन किंवा क्लोबेटासोलसारखे स्टेरॉइड असते. त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, उन्हात चेहरा आगीसारखा जळतो, मुरूम येतात आणि चेहऱ्यावर लवही वाढते. ट्यूब थांबवली की दाह उसळतो, म्हणून ती पुन्हा सुरू होते. 2018 साली केंद्र सरकारने अशी स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यावर बंधन आणले, तरी दुकानाच्या काउंटरवर ती मागितली की मिळतात. अशी ट्यूब लावणारी बाई लाली आणि लव घेऊन लेझरकडे जाते तेव्हा तिच्या त्वचेचे संरक्षक कवचच मोडलेले असते. आधी ट्यूब डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडवणे आणि त्वचा सावरायला काही महिने देणे, एवढाच तिचा उपचार. रात्री चेहऱ्याला काय लावता, हा एक प्रश्न विचारला तर हे कळते.

असाच घोटाळा केसांच्या काळ्या रंगाने किंवा भेसळीच्या कुंकवाने येणाऱ्या काळेपणाचा होतो. ती ॲलर्जी असते, दिसते वांगासारखी, आणि रंग किंवा कुंकू न थांबवता मारलेला लेझर तिच्यावर वाया जातो, कधी काळेपणा वाढवतो.

डॉक्टर शहरांत एकवटलेले आहेत, मागणी तालुक्यापर्यंत पोचली आहे आणि शिकलेला तंत्रज्ञ यंत्र नीट चालवू शकतो, असे म्हणणाऱ्यांशी माझे पूर्ण भांडण नाही. हातात यंत्र तंत्रज्ञाच्या असू शकते. निदान आणि यंत्रावरचे आकडे मात्र त्वचारोगतज्ज्ञानेच ठरवावेत, आणि भाजले तर त्यानेच उत्तर द्यावे. 2020 पासून वैद्यकीय उपकरणे औषध कायद्याच्या कक्षेत आली, म्हणजे यंत्रावर सरकारची नजर आहे. ते यंत्र ज्याच्या हातात आहे त्याच्यावर तितकीच नजर असती तर गल्लीतल्या पार्लरमध्ये आयपीएलचे यंत्र ‘लेझर’ म्हणून चालले नसते. आयपीएल लेझर नव्हेच. त्यातून अनेक तरंगलांबींचा प्रकाश एकत्र येतो आणि गडद त्वचेला त्याचा धोका जास्त. घरी वापरायच्या अनेक आयपीएल यंत्रांच्या माहितीपत्रकातही गडद त्वचेसाठी मनाई असते.

पदवी असली म्हणजे सगळे ठीक, असेही नाही. उत्तम पदवीच्या दवाखान्यातही ‘लेझर टोनिंग’च्या नावाने निरोगी सावळ्या चेहऱ्यावर, तो केवळ सावळा आहे म्हणून, किरण मारले जातात. त्या चेहऱ्याला आजार नाही. जिथे आजार नाही तिथे धोका पत्करण्याला उपचार म्हणता येत नाही, आणि हे डॉक्टरांनी स्वतः म्हटले पाहिजे.

लेझर करून घ्यायचाच असेल, आणि ओटाचा डाग किंवा जाड केस असतील तर अवश्य घ्यावा, तर पैसे भरण्याआधी कानामागे किंवा जबड्याखाली छोट्या जागेवर चाचणी करून मागा. फोड दोन-तीन दिवसांत दिसतो, काळवंडणे मात्र काही आठवड्यांनी, म्हणून तेवढे थांबा. प्रत्येक बैठकीनंतर तरंगलांबी, ऊर्जा आणि झोताचा कालावधी लिहिलेला कागद मागून जपून ठेवा. पुढे काही बिघडले तर दुसऱ्या डॉक्टरला तोच उपयोगी पडतो. चाचणी करायला किंवा कागद द्यायला कोणी नकार दिला, तर पॅकेजवर कितीही सवलत असो, तिथून उठून या.