उगी म्हणण्याआधी

19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. इर्शाळगडाच्या उतारावरची ही ठाकरवाडी. वर जायला गाडीरस्ता नाही, त्यामुळे मोठी यंत्रं चढलीच नाहीत. भर पावसात माणसांनी कुदळी-फावड्यांनी ढिगारा उपसला. 27 मृतदेह हाती लागले, 57 माणसं सापडलीच नाहीत. चार दिवसांनी शोध थांबवावा लागला. वाडीतली काही मुलं त्या रात्री आश्रमशाळांत होती म्हणून वाचली. सकाळी त्यांना घर राहिलं नसल्याचं कळलं.

मदत आली, ती नाकारायचं कारण नाही. वाचलेल्यांना चौकजवळ कंटेनरमध्ये निवारा मिळाला, पुढे सिडकोने 44 घरं बांधली. धान्य, कपडे, दप्तरं यांचा हिशेब ठेवता येतो, फोटोही काढता येतो. पण अशा आपत्तीतून गेलेलं मूल पुढच्या पावसाळ्यात ढग गडगडले की दचकून उठतं, मोठं असूनही अंथरूण ओलं करतं, वर्गात काही कारण नसताना शेजाऱ्याला बुक्का मारतं. भूकंप, पूर, युद्ध, सगळीकडे मुलांचं हेच झालेलं दिसतं. अशा वेळी त्याच्याशी कोण आणि कसं बोलतं, याची नोंद कोणत्याही रजिस्टरात होत नाही.

इर्शाळवाडीचं नाव काढलं की आपले डोळे पाणावतात. त्या मुलांनी रडावं, हे आपल्याला मान्य असतं. मात्र स्वतःच्या घरातलं पोर रडलं की आपण काय म्हणतो? ‘मुलगा असून रडतोस?’ ‘गप बस, नाहीतर पोलीस येतील.’ ‘बुवा उचलून नेईल.’ मूल गप्प झालं की आपल्याला वाटतं, जमलं. खरं तर त्याच्या पहिल्या दुःखावर आपण एक भीती चढवलेली असते, आणि हे दुःख आपल्याला दाखवायचं नाही एवढं ते शिकलेलं असतं. माझं म्हणणं एवढंच आहे: मुलाला शांत राहायला शिकवायचं असेल, तर आधी शांत राहिलेलं मोठं माणूस त्याच्या वाट्याला यायला हवं. ते येत नाही, याची जबाबदारी पोराची नाही.

यात गूढ काही नाही. रागाला आवर घालणारा, दोन क्षण थांबून विचार करणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत घडत असतो. चार वर्षांच्या पोराने स्वतःला सावरावं ही अपेक्षाच चुकीची. ते आजूबाजूच्या माणसाचा आवाज, चेहरा, हात यांच्या आधाराने सावरतं. त्या माणसाचाच आवाज चढलेला असेल, तर पोराने आधार घ्यायचा कशाचा? म्हणूनच रडणं टिपेला पोचलेलं असताना उपदेश वाया जातो. त्या वेळी खाली बसावं, आवाज उतरवावा, ‘भीती वाटली ना?’ किंवा ‘तुझं घेतलं म्हणून राग आला ना?’ असं एकच वाक्य बोलावं आणि थांबावं. एरवी जेवताना तव्यावरची भाकरी ताटलीत वाढून ‘फुंकर घाल बरं, हळू, लांब’ असं सांगावं. लांब सोडलेल्या श्वासाने हृदयाचे ठोके मंदावतात. पोराला ते सिद्धांत म्हणून सांगायची गरज नाही, भाकरी निवेपर्यंत त्याचं त्यालाच उमगतं. हे शिक्षण मात्र पोर बरं असताना द्यायचं. भडका उडाल्यावर ‘श्वास घे, श्वास घे’ म्हणून खेकसलं, तर त्याला ती आणखी एक धमकीच वाटते.

‘अशाने पोरं डोक्यावर बसतील’ हा आक्षेप ठरलेला आहे. राग येऊ देणं वेगळं आणि हात उचलू देणं वेगळं. ‘तुला राग आला, ठीक आहे, पण ताईला मारायचं नाही’ हे दोन्ही एका दमात सांगता येतं, आणि सांगणाऱ्याचा हात खाली असेल तरच पोराला पटतं. भावाला मारलं म्हणून मुलाच्या पाठीत धपाटा घालणारा बाप त्याला नेमकं काय शिकवत असतो?

तारा मोडक आणि गिजुभाई बधेका यांनी हे शंभर वर्षांपूर्वी ओळखलं होतं. शिक्षा नको आणि बक्षिसाची लालूचही नको, असं त्यांचं बालशिक्षण होतं. 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. पुढे ताराबाई बोर्डीला आणि तिथून कोसबाडला गेल्या, अनुताई वाघ सोबतीला होत्या. वारल्यांची पोरं शाळेत येत नाहीत म्हणून कुरकुरत न बसता त्यांनी शाळाच पाड्यावर नेली. गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा काढली. मूल आहे तिथे मोठ्या माणसाने जायचं, हा त्या कामाचा गाभा होता. आपण अंगणवाडी हा शब्द उचलला, गाभा कोसबाडच्या टेकडीवरच राहिला.

छडीला कायद्याने बंदी आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं 17 वं कलम शारीरिक शिक्षेइतकंच मानसिक छळालाही मनाई करतं. तरी शाळेच्या दारात उभं राहून ‘सर, चांगला ठोका, तरच सुधारेल’ असं सांगणारे पालक कर्जत-खालापुरातही भेटतात आणि पुण्या-मुंबईतही. राज्य सरकारने 2024 मध्ये पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ आणला. ताणतणाव, भावना, श्वास यांवर शाळेत बोललं जावं, हे चांगलंच. पण शनिवारी डोळे मिटायला सांगणारे गुरुजी सोमवारी गृहपाठ न केलेल्याचा कान पिरगळणार असतील, तर पोरं शनिवार विसरतात आणि सोमवार लक्षात ठेवतात.

आता कर्जत आणि खालापूर या आपल्या दोन तालुक्यांचं थोडं विचित्र दुखणं. लोक शांततेसाठी कर्जतला येतात. शुक्रवार संध्याकाळपासून फार्महाऊस उघडतात, नदीकाठच्या रिसॉर्टमध्ये योगाची सत्रं होतात, ‘शहराच्या गोंगाटापासून दूर’ अशा पाट्या रस्त्याकडेला लागलेल्या असतात. तिथे खोल्या झाडणारी, भाकऱ्या थापणारी, रात्री फाटकावर बसणारी माणसं इथल्याच वाड्यांतली. पोरांना सुट्टी असते तो रविवार आणि त्याआधीचा शनिवार हेच यांच्या कामाचे गर्दीचे दिवस. पाहुण्यांचं मन निवावं म्हणून जी आई राबते, तिचं पोर घरी आजीजवळ मोबाइल घेऊन बसलेलं असतं.

गावातल्या चाकरमान्यांची गत फार निराळी नाही. कर्जतपासून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस शंभर किलोमीटर. नेरळ, भिवपुरी, कर्जत, खोपोली इथून आई-बाप अंधारात निघतात आणि अंधारात परततात. चौथ्या सीटवर अर्धं अंग टेकवून किंवा दारात लोंबकळत दोन तास काढून घरी आलेल्या माणसाला पोराने ‘आज माझी पेन्सिल हरवली’ म्हणून गळा काढलेला सोसत नाही. त्याला मी दोष देत नाही. घरात पाय ठेवल्याबरोबर दप्तर, डबा, अभ्यासाची चौकशी सुरू करण्याऐवजी आधी त्याने हातपाय धुवावेत, चहा घ्यावा, पाच मिनिटं कुणाशी बोलू नये. मग पोराला जवळ घ्यावं. थकलेल्या बापाने ‘मी आता दमलोय, चहा पिऊन तुझं ऐकतो’ असं म्हणून खरोखर ऐकलं, तर तोही संयमाचाच धडा झाला. रडं थांबवायला मोबाइल हातात देणं सोपं पडतं. अडल्या वेळी दिला म्हणून आभाळ कोसळत नाही. पण रोज दिला, तर कंटाळा, राग आणि दुःख या तिन्हींवर एकच औषध पोराला ठाऊक होतं, आणि ते औषध काढून घेतलं की घरात रणकंदन माजतं.

कातकऱ्यांच्या पोरांसाठी तर हा सल्लाही तोकडा आहे. दिवाळीनंतर उचल घेऊन आई-बाप वीटभट्टीवर जातात, पोरंही जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. तिथे पोटाची भूक आणि अपुरी झोप हेच रागाचं पहिलं कारण असतं.

भेदरलेलं मूल कुठे न्यायचं, याबद्दलही आपण मागे आहोत. कर्जतजवळ वेणगावला डॉ. भरत वटवानी यांचं श्रद्धा पुनर्वसन केंद्र आहे. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना बरं करून घरी पोचवण्याच्या कामासाठी त्यांना 2018 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याच तालुक्यात पोर रात्री किंचाळतं म्हणून भगताकडून अंगारा लावला जातो, कोंबडं दिलं जातं. अंगाऱ्याने भीती जात नाही. उपचार लांबतो, पैसे जातात आणि आपल्याला काहीतरी लागलंय अशी खूणगाठ पोराच्या मनात बसते. पण भगताला हसणाऱ्या शिकलेल्यांनी एक लक्षात घ्यावं: भगत निदान पोराला समोर बसवतो आणि काय झालं ते घरच्यांना विचारतो. दवाखान्यात तेवढा वेळ मिळतो का? 2022 पासून टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा 14416 हा मोफत क्रमांक चालू आहे. शाळेच्या भिंतीवर थोर पुरुषांच्या तसबिरींखाली तो रंगवायला फार खर्च येत नाही.

सगळ्यात जास्त अन्याय होतो तो आश्रमशाळेतल्या लहानग्यावर. सहा वर्षांचं पोर जूनमध्ये वाडीवरून येतं. घरची बोली वेगळी, रात्री शेजारी आई नाही, शेकडो पोरांमागे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी मोठी माणसं. मग एके दिवशी ते पळतं, डोंगर ओलांडून घर गाठतं. बाप त्याला परत आणून सोडतो आणि प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांसमोर उभं करून ‘पुन्हा पळशील?’ असं विचारलं जातं. त्याने पळून जाऊन जे सांगितलं, ते त्याला शब्दांत सांगता आलं नसतं. सहा वर्षांच्या जिवाला घर आठवणं हा गुन्हा ठरवून आपण त्याला शिस्त लावली म्हणतो.

याला फार मोठी योजना लागत नाही. पहिलीच्या मुलासोबत सुरुवातीचे काही दिवस आईला किंवा आजीला राहू द्यावं. आठवड्यातून ठरल्या दिवशी घरी फोन लावून द्यावा, आणि ‘आई आज बोलली नाही’ असं झालं तर का, हे त्याला सांगावं. दहा-पंधरा मुलांमागे ठाकरी, कातकरी बोली येणारी एक ताई किंवा मावशी नेमावी; तिचं काम स्वयंपाक नाही, झाडलोट नाही, पोरांजवळ असणं हेच. पळून गेलेलं मूल परत आलं की आधी जेवू घालावं, चौकशी दुसऱ्या दिवशी आणि त्याला एकट्याला जवळ घेऊन करावी. यातल्या काही गोष्टींना पेणच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाची मंजुरी आणि पैसा लागेल. बाकीच्या मुख्याध्यापकांच्या एका शब्दावर होतील. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असं शिक्षण हक्क कायदा सांगतो. बहुतेक ठिकाणी या समितीच्या बैठकीत बांधकाम आणि पोषण आहार यांवर बोलून सह्या होतात. जूनच्या पहिल्या बैठकीत, सह्या करण्याआधी, एखाद्या आईने एवढंच विचारावं: रात्री माझं पोर रडलं, तर त्याच्याजवळ कोण जातं, त्या माणसाचं नाव सांगा.