अडलेली वायर

एका शेडमध्ये ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनत. तिथे सीओटू वेल्डिंगच्या मशीनवर एक शिकाऊ पोरगा होता. हात चांगला, पण घाई फार.

एकदा सकाळीच वायर अडखळू लागली. निघे, थांबे, पुन्हा निघे. सांध्यावर गाठी पडू लागल्या. पोराने फीडर उघडून वायर पुढे ढकलणाऱ्या रोलरचा नॉब पिळला. वायर धावली. थोड्या वेळाने पुन्हा अडखळली. त्याने आणखी पिळला. दुपारपर्यंत नॉब फिरेनासा झाला आणि रोलरपाशीच वायरचा गुंता झाला.

"मिस्त्री, मोटर गेली. जोरच नाही तिच्यात."

"जोर नसता तर हा गुंता झाला असता का?"

मिस्त्रीने मशीन बंद केलं. नॉब सैल केला. वेटोळं होऊन पडलेली टॉर्चची केबल सरळ केली, टोकाची टिप काढली आणि म्हणाला, "आता हाताने ओढ."

पोराने सगळा जोर लावला. वायर हलेना.

मग मिस्त्रीने वायर तोडून केबलमधली वायरची नळी, म्हणजे लायनर, बाहेर काढला आणि कागदावर आपटला. तांबूस काळा चुरा पडला. वायरचा तुकडा त्याने पोराच्या हातात दिला. 0.8 मिलिमीटरची गोल वायर दोन्ही बाजूंनी चपटी झाली होती, तिच्यावरचा तांब्याचा मुलामा खरवडला गेला होता.

"मी पिळलं म्हणून?" पोराने विचारलं.

"हो. रोलरने वायर चेपली, चुरा लायनरमध्ये साचला. वाट आवळली म्हणून तू आणखी पिळलंस, मग आणखी चुरा झाला."

"पण सकाळी काय अडलं होतं?"

मिस्त्रीने टिप उजेडात धरली. भोकाच्या तोंडाशी स्पॅटरचा, म्हणजे उडालेल्या वितळत्या धातूचा, एक कण चिकटला होता. एवढंच. इतक्याशा कणापायी लायनर गेला, वायर गेली, अर्धा दिवस गेला.

नवा लायनर, नवी टिप बसली. मिस्त्रीने नॉब रोलर घसरेपर्यंत सैल केला, मग थोडा थोडा आवळला. टॉर्च लाकडाच्या ठोकळ्यासमोर धरून ट्रिगर दाबला. वायर लाकडाला लागून वळली, पण थांबली नाही. तिथे त्याने नॉबवरून हात काढला.

"पोरा, अडलेल्याला मागून रेटू नये. आधी पुढची वाट मोकळी करावी."

पुढे एकदा वायर पुन्हा अडखळली. पोराने मशीन बंद केलं, पान्हा घेतला आणि आधी टिप काढली.