उद्याची भाकर आणि दुसऱ्याचा वाटा

एका वाटणीच्या तक्रारीपासून आरंभ करतो. वकिलाकडून दुसरी अपेक्षा तरी काय करावी! लूकच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात गर्दीतून एक मनुष्य पुढे येतो आणि भावाने वडिलार्जित मालमत्ता आपल्याला वाटून द्यावी, असे त्याला बजावण्याची येशूला विनंती करतो. येशू हा निवाडा करण्याचे साफ नाकारतो. मग तो जुनी कोठारे मोडून मोठी बांधू पाहणाऱ्या धनिकाचा दाखला देतो, आणि त्यापाठोपाठ येतो अन्नवस्त्राची चिंता न करण्याचा सुप्रसिद्ध उपदेश. मत्तयाने हाच उपदेश डोंगरावरील प्रवचनात घातला आहे. लूकच्या मांडणीत मात्र त्याचे मूळ वाटणीच्या तंट्यात आहे, आणि भावाभावांचे दावे पाहिलेल्या मला हीच मांडणी अधिक भिडते. ‘पुढे कसे होईल’ या प्रश्नापासून निघालेला माणूस ‘मलाच अधिक का नको’ येथवर केव्हा येऊन पोचतो, हे त्याचे त्यालाही कळत नाही. त्या धनिकाचे स्वगत पाहावे: त्यात ‘मी’ आणि ‘माझे’ यांखेरीज दुसरे माणूसच नाही.

काही वर्षांपूर्वी एक निवृत्त ख्रिस्ती शिक्षक माझ्याकडे आले. थोरल्या भावाविरुद्धचा दावा त्यांना काढून घ्यावयाचा होता. “वकीलसाहेब, देवावर भरवसा आहे असे सकाळी म्हणायचे आणि दुपारी कोर्टात उभे राहायचे, हे आता माझ्याने होत नाही,” ते म्हणाले. मला त्यांच्याविषयी आदर वाटला. परंतु त्या दाव्यात त्यांची विधवा बहीणही वादी होती, आणि 1925 च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणे ख्रिस्ती मुलीचा वाटा मुलाइतकाच असतो. मी विचारले, “मास्तर, बाईंचे काय?” ते बराच वेळ गप्प राहिले.

स्वतःच्या भाकरीविषयी निश्चिंत राहणे ही श्रद्धा होय. दुसऱ्याच्या भाकरीविषयी निश्चिंत राहणे ही पुष्कळदा नुसती बेफिकिरी असते, आणि ती श्रद्धेचाच वेष घेऊन वावरते. माणसाला हक्कसोडपत्र लिहून देता येते ते केवळ आपल्या हक्काचे.

अशा वेळी मला पंडिता रमाबाई आठवतात. 1858 साली कर्नाटकाच्या घाटमाथ्यावर एका मराठी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. ऐन तारुण्यात दुष्काळात आईवडील आणि थोरली बहीण गेलेली त्यांनी पाहिली; तेव्हा उपासमार म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. पुढे त्या ख्रिस्ती झाल्या आणि 1889 मध्ये मुंबईस त्यांनी विधवांसाठी शारदा सदन काढले. त्याला अमेरिकेतील मदत होती, पण ती दहा वर्षांच्या कराराची. दहा वर्षांनंतर काय? बाईंनी पुण्याजवळ केडगावास जमीन घेतली आणि फळबाग लावली, की उत्पन्नावर सदन चालावे. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी आणलेल्या उपाशी मुलींना शेवटी आसरा मिळाला तो त्याच जमिनीवर. तेथे विहिरी खणल्या गेल्या, माग चालले, छापखाना उभा राहिला. बाई देवाजवळ रोजच्या अन्नासाठी प्रार्थना करीत, आणि विहिरीचे कामही थांबू देत नसत. एखादा कर्मठ म्हणेल की, झाड लावणे हाच अविश्वास आहे. मला तसे वाटत नाही. धनिकाने कोठार बांधावयाचे ठरवले ते स्वतःसाठी. बाईंनी बाग लावली ती, ज्यांची नावेही तेव्हा त्यांना ठाऊक नव्हती, अशा मुलींसाठी. दोघांच्याही मनात उद्याच होता. मात्र बाईंच्या उद्यात दुसऱ्यांना जागा होती.

अर्थात केडगावाची गोष्ट मी मास्तरांना सांगितली नाही. पक्षकाराला प्रवचन देणे हा वकिलाचा धंदा नव्हे. आठवड्याने ते पुन्हा आले. स्वतःपुरते हक्कसोडपत्र त्यांनी करून दिले. बहिणीचा दावा तसाच ठेवला. पुढे प्रत्येक तारखेस ते तिच्याबरोबर येत, कोर्टाच्या व्हरांड्यातील बाकावर डबा मांडीवर घेऊन बसत, आणि पुकारा होताच तिला हाताला धरून उठवीत.