गेट नसलेला कामगार

युनियनचे सभासद का घटले, असं विचारलं की आपलं बोट हमखास 18 जानेवारी 1982 कडे वळतं. डॉ. दत्ता सामंतांच्या हाकेवर मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले आणि गिरणगाव मोडलं. पण त्या संपात पगारवाढीइतकीच दुसरीही एक चीड होती. 1946 च्या कायद्यामुळे कामगारांच्या वतीने बोलण्याचा हक्क एकट्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता, आणि बहुसंख्य कामगारांना तो संघ आपला वाटत नव्हता. नुसत्या पावत्या फाडून युनियन उभी राहत नाही, हे तेव्हाच दिसलं होतं. म्हणून वर्गणी कमी करा, ऑनलाइन नोंदणी करा, हे उपाय मला वरवरचे वाटतात.

गिरणी कामगाराला निदान गेट होतं, मस्टर होतं. हमालाला तर गेटही नव्हतं आणि मस्टरही नव्हतं. मालक रोज वेगळा. अशांचीच बाबा आढावांनी पुण्यात हमाल पंचायत बांधली. 1969 च्या माथाडी कायद्याने व्यापाऱ्याला मजुरी आणि वर लेव्ही माथाडी मंडळात भरायला लावली. भविष्यनिर्वाह निधी, रजा, बोनस मंडळ देऊ लागलं. मालक बदलला तरी हक्क बुडेना. (माथाडीच्या नावावर खंडणी उकळणाऱ्यांनी या कायद्याची अब्रू घालवली, हेही खरं.) हमाल पंचायतीने ‘कष्टाची भाकर’ चालवली, स्वस्तात पोटभर जेवण. पुण्यातच 1993 मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. कचरा वेचणाऱ्या बाईच्या हातात तिने ओळखपत्र दिलं. चोर म्हणून कुणी हटकलं तर दाखवायला काहीतरी आलं. संपाची भाषा नंतर. आधी भाकरी आणि ओळख.

आजचा गेट नसलेला कामगार म्हणजे ॲपवरून काम मिळणारा गिग कामगार. राजस्थानने 2023 मध्ये त्याच्यासाठी कायदा केला. प्रत्येक व्यवहारावर शुल्क, ते कल्याण निधीत जमा. कल्पना माथाडी मंडळाच्या जवळची आहे, आणि महाराष्ट्राला ती परकी वाटायचं कारण नाही. मात्र कायदा झाला म्हणून सभासद आपोआप येत नाहीत. ऑर्डरची वाट पाहत डिलिव्हरीची पोरं संध्याकाळी हॉटेलाबाहेर गाड्या लावून उभी असतात. आयडी ब्लॉक झाला तर कुणाला फोन करायचा, हे त्यांना ठाऊक नसतं. जवळपास मुतारी नाही, प्यायला पाणी नाही. युनियनच्या कार्यकर्त्याने पावतीपुस्तक पिशवीतच ठेवून तिथे दोन-तीन संध्याकाळी नुसतं उभं राहावं.